खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

आमच्या कल्याणच्या घरी तुळशीच्या कट्ट्यावर एक खुरपं असायचं. मुठीचं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं, पात्याचं टोक जरा मोडलेलं. आई त्यानं तुळशीची माती हलवायची आणि मी ते पळवून शर्यतीला न्यायचे. हे वाचून आजच्या मुली हसतील. त्यांना सुरुवातीला पाय टेकवायला लोखंडी ठोकळे मिळतात. आमच्या वेळी जिनं तिनं आपापले खड्डे खणायचे, पुढच्या पायाला एक आणि मागच्या पायाला एक. खड्ड्याची मागची भिंत कच्ची राहिली तर पिस्तुलाचा बार झाल्याबरोबर माती ढासळायची आणि धावणारी जागच्या जागी तोंडावर आपटायची. म्हणून खुरपं चांगलं हवं, आणि आईच्या खुरप्याला तोड नव्हती.

मला धावायला शिकवलं आमच्या कवायतीच्या बाईंनी. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या शाळेनं मुलींचे वर्ग वेगळे केले आणि त्यांच्यासाठी कवायतीला एक बाई नेमल्या. बाई पंचविशीच्या, ठेंगण्या, सावळ्या. राजापूरकडच्या. पाचवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची म्हैससुद्धा मान वर करायची. स्वतः त्या धावत नसत. शाळेत असताना खो-खो खेळताना खांबापाशी पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा दुखावला होता. चालताना तो पाय किंचित ओढायच्या. म्हातारी आई आणि त्या, अशा दोघीजणी दूधनाक्याकडे एका खोलीत राहायच्या.

घरात मला सगळे दांडगी म्हणायचे. "हिच्या मांड्या बघा, पैलवानाला लाजवतील," असं आत्या पाहुण्यांसमोरही बोलायची, आणि मी परकर ओढून घेत कोपऱ्यात सरकायचे. बाईंनी मला पहिल्यांदा खो-खोच्या रांगेत बसवलं, खो मिळाल्यावर उठताना पाहिलं आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "अगं, असे पाय असताना तू लपतेस काय? सगळं बळ इथंच तर असतं." माझ्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी तेव्हा प्रथम ऐकलं. त्या दिवसापासून मी बाईंची झाले.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. माझे काका शाळेच्या मंडळाचे चिटणीस होते. आमचं घर एकत्र. काका वकील, काळी टोपी, शिस्तीचे कडक, आणि गडबडगोंधळाचा त्यांना मनस्वी तिटकारा. मुलींना कवायतीच्या बाई हव्यात हे त्यांना मुळातच पटलेलं नव्हतं. "मुलींना धावून जायचंय कुठं? चूल काय पळून जातेय?" हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यावर ते स्वतःच हसायचे. एकदा पानावर बसले असताना त्यांनी सांगून टाकलं, "बाईंची नेमणूक एका वर्षाची आहे. ठाण्याला जिल्ह्याच्या शर्यती आहेत. तिथं मुलींनी काही दाखवलं तर बघू. नाहीतर जूनपासून त्या जागी शिवणाच्या बाई येतील. शिवण निदान घरात उपयोगी पडतं."

मी घास तोंडाशी नेलेला तसाच धरून बसले. बाई गेल्या तर त्या परत राजापूरकडे जाणार, भावाच्या घरी, हे मला माहीत होतं. भावाच्या घरी काय वाढून ठेवलंय तेही एकदा त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. आईनं मला डोळ्यांनीच दटावलं, तेव्हा कुठं घास गिळला.

ठाण्याला मुलींसाठी खो-खो नव्हता. फक्त धावण्याची शर्यत होती. बाईंनी माझी निवड केली, कारण बसल्या जागेवरून माझ्याइतकी चटकन कुणीच उठत नव्हती. वेळ थोडा होता. खड्डे कसे खणायचे, बोटं रेषेमागे कशी टेकायची, "तयार" म्हटल्यावर कंबर किती उचलायची, एवढं त्यांनी घाईघाईनं शिकवलं. मी ते पटापट उचललं. बाई खूश झाल्या आणि मी तर हवेतच होते.

ठाण्याच्या मैदानावर माती कडक. आईचं खुरपं कामी आलं. शेजारच्या खड्ड्यांपाशी ठाण्याच्या शाळेतली एक उंच मुलगी होती. तिच्या दोन्ही वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या, पाय नुसते लांबच लांब. मी परकराचा काचा मारला होता. ती निळ्या झग्यात होती. मांडवात पाहुण्यांमध्ये काका बसले होते. पिस्तूलवाले गृहस्थ म्हणाले, "जागा घ्या." आम्ही वाकलो. "तयार." कंबर उचलली. बार झाला.

सगळ्या गेल्या. मी तशीच.

कुणाला वाटेल मी घाबरले. मुळीच नाही. मी अगदी शांत होते. वाट बघत होते. खो-खोत रांगेत बसलेल्या मुलीच्या कानावर "खो" पडावा लागतो आणि पाठीला हातही लागावा लागतो. दोन्ही झाल्याशिवाय उठलं तर फाऊल. आवाजाला भुलून उठणाऱ्या मुलींना बाई पुन्हा पुन्हा बसवायच्या, आणि माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. माझा त्यात हातखंडा होता. बार झाला, तो मी ऐकला, आणि पाठीला हात लागायची वाट बघत बसले. हात काही येईना, तेव्हा मी मागे वळून पाहिलंसुद्धा.

"अगं ए, धाव की! कुणाची वाट बघतेयस?" पिस्तूलवाले ओरडले. मैदानभर हशा पिकला. मग मी धावले, सगळ्यांच्या मागून, रडत.

बाई पाय ओढत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी माझं तोंड पदरानं पुसलं आणि विचारलं, "पाठीला हात लागला नाही म्हणून बसलीस ना?" मी मान हलवली. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "अगं पोरी, चूक तुझी नाही. तुला इतकी पक्की बसवली कुणी? मीच ना?" एवढं बोलून त्यांनी खाली पडलेलं खुरपं उचललं आणि माझ्या हातात दिलं. नोकरीचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

काका बोलले. घरी येऊन टोपी खुंटीला लावत म्हणाले, "पाहिलं मी. शिवणाचं मशीन कुठलं चांगलं, ते वहिनी, तुम्ही जरा चौकशी करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. ओटीवर, उभ्याच. काकांनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "होळीच्या आधी आपल्याकडे कल्याणला शाळांच्या शर्यती आहेत. ठाण्याच्या मुलीही येणार आहेत. तेवढं होऊ द्या. मग मंडळ म्हणेल ते मला मान्य आहे." मी दाराआडून ऐकत होते. काकांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण त्या दिवशी शर्यत संपते त्या रिबिनीपाशी पंच म्हणून मी उभा असणार आहे. पुतणी म्हणून कसलीही सवलत मिळायची नाही." बाई म्हणाल्या, "सवलत मागायला आलेच नाही मी." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

शाळेला स्वतःचं मैदान असं नव्हतं. भात कापून झालं की खाडीकडची खाचरं मोकळी व्हायची. त्यातलं एक आम्हाला मिळालं. ते एका आगरी काकूंचं होतं. त्या बांधावर बसून गवताच्या पेंढ्या बांधायच्या आणि आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. "मास्तरीनबाय, पोरींना बेडकासारी कनाला बसवतंस गो?" बाई म्हणायच्या, "उडी मारायला, काकू." आम्ही आधी धसकटं उपटून वाट साफ केली. नाहीतर तळव्यांची चाळण झाली असती.

माझी खोड मोडायला बाईंनी जी युक्ती केली तिच्यासाठी मी त्यांना आजही मनातल्या मनात नमस्कार करते. त्यांनी मला रागावून सांगितलं नाही की हात विसर. उलट पहिल्या दिवशी त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, लाकडाच्या दोन फळ्या एका मुलीला आपटायला दिल्या, आणि फळ्या वाजल्या की त्याच क्षणी माझ्या पाठीवर थाप मारायच्या, चांगली सणसणीत. मी तीरासारखी सुटायचे. मग थाप हलकी झाली. मग नुसती बोटं लागायची. मग पोलक्याला वारा लागावा इतकंच. शेवटी त्या मागे फक्त उभ्या असायच्या, हात पदरात. एक दिवस मी धावून परत आले आणि म्हटलं, "आज जरा उशिरा लागला हात." बाई म्हणाल्या, "आज मी मागे नव्हतेच. बांधावर काकूंशी बोलत बसले होते." मी बघितलं तर खरंच बांधावर त्यांची चप्पल होती.

उठणं सुधारलं, पण मग बाईंना दुसरंच दिसलं. मी चटकन उठायचे आणि चटकन ताठ व्हायचे. "इतकी घाई कसली मान वर करायची? कोण आलंय बघायला?" पहिली पावलं आखूड हवीत, म्हणायच्या. पाय अंगाच्या पुढे टाकलास की तो तुला अडवतो. अंगाखाली टाक आणि जमीन मागे ढकल. तू पुढे जाऊ नकोस, जमिनीला मागे पाठव. हे मला काही केल्या कळेना. मग त्यांनी त्यांच्या आईचं एक जुनं लुगडं आणलं. माझ्या कमरेला ते घालून त्याची टोकं मागे दोन मुलींनी धरायची आणि मी ओढत धावायचं. ओढायचं म्हटल्यावर अंग आपोआप पुढे झुकतं, मान खाली जाते, पाय मागे रेटतात. ताठ उभं राहून कुणाला काही ओढता येतं का! पहिल्या दिवशी मागच्या दोघींना हसू आवरेना, त्यांनी टोकं सोडली आणि मी सरळ काकूंच्या पेंढ्यांत. काकूंनी मला बाहेर काढलं आणि त्या दोघींना अशा काही शिव्या दिल्या की बाईंनी कानावर हात ठेवले.

हातांचं गणित मात्र मला घरीच सुटलं. बाई सांगायच्या, हात अंगासमोर आडवे फिरवू नकोस, खांद्यापासून सरळ पुढेमागे जाऊ दे, आणि मागे खेचण्यावर जोर ठेव. मी ताक घुसळायला बसले आणि लक्षात आलं, रवीच्या दोरीवर हात असेच तर जातात. एक पुढे, एक मागे, आणि सगळं बळ मागे ओढणाऱ्या हातात. मी त्या दिवसापासून ताकाचं काम मागून घ्यायला लागले. आई म्हणाली, "सूर्य कुठे उगवलाय आज?" लोणी मात्र लवकर यायचं, त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

तिसरी अडचण सगळ्यात वाईट होती. खो-खोवाली मुलगी थोड्या पावलांची राणी. ती उठते, झेपावते, शिवते किंवा खो देते, की तिचं काम संपलं. त्यापुढे धावायचं असतं हे तिच्या पायांना ठाऊकच नसतं. शर्यतीच्या निम्म्या वाटेत माझ्या अंगातलं वारं जायचं. पाय विचारायचे, आता वळायचं ना? बाई खाचराच्या त्या टोकाला, रेषेच्याही पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळहात पुढे धरला. "रेषेपाशी थांबायचं नाही. माझ्या हाताला येऊन लागायचं. तोवर शर्यत संपली नाही." मी म्हटलं, "बाई, समोरून खो देणं म्हणजे फाऊल." त्या म्हणाल्या, "मग लागू दे मला फाऊल. तू ये."

होळीच्या आधीचा तो दिवस कडक उन्हाचा होता. कल्याणच्या मैदानाभोवती निम्मं गाव जमलं होतं. मी खड्डे खणले. मागच्या भिंती मुठीनं ठोकून घट्ट केल्या. बाजूला तीच ठाण्याची उंच मुलगी. तिनं मला ओळखलं आणि हसली, दुष्टपणानं नाही, पण हसली. मला राग आला. रागाचा मला आयुष्यात नेहमी उपयोगच झाला आहे. समोर, दूर, रिबिनीच्या एका टोकाला काकांची काळी टोपी दिसत होती. आणि तिच्याही मागे बाई, तळहात पुढे धरून.

बार झाला, आणि पाठीला हात लागला. मागे कुणी नव्हतं. तरी लागला, शपथेवर सांगते.

मान खाली, पावलं आखूड, जमीन मागे. जरा वेळानं मान वर आली तेव्हा माझ्यापुढे कुणीही नव्हतं. इतकं मोकळं मैदान मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग डाव्या बाजूनं तिचा श्वास ऐकू यायला लागला. तिची ढांग लांब, माझी आखूड. ती जवळ येत होती, आणि माझे पाय पुन्हा विचारायला लागले, आता वळायचं ना? मी बाईंच्या हाताकडे बघितलं. रिबीन दिसलीच नाही. ती कधी अंगाला लागली तेही कळलं नाही. मी जाऊन बाईंच्या हातावर आदळले आणि आम्ही दोघी धुळीत बसलो.

मागे पंचांचा वाद चालला होता. कुणी म्हणे कल्याण पहिली, कुणी म्हणे ठाणे. आमच्या शाळेच्या मुली माझ्या नावानं ओरडत होत्या. मग काकांचा कोर्टातला आवाज आला, "मी रिबिनीला लागून उभा होतो. ठाण्याची छाती आधी लागली. आमची दुसरी."  मी काकांचा इतका द्वेष त्याआधी कधी केला नव्हता, नंतरही कधी नाही. बाईंकडे बघायचा मला धीर झाला नाही. त्यांनी माझ्या पोलक्यावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "मान चांगली खाली ठेवलीस हां." 

घरी मी जेवायला उठले नाही. काकांनी हाक मारली, मी गेले नाही. शेवटी ते स्वतः माजघराच्या दारात आले. बायका असतील तिथं ते सहसा येत नसत. म्हणाले, "मंडळाची बैठक झाली. बाई कायम झाल्या."

मी उठून बसले. "पण मी तर दुसरी आले."

"त्याचा काय संबंध?" काका चिडून म्हणाले. त्यांना समजावून सांगावं लागलं की ते चिडायचे. "पहिली आली ती मुलगी ठाण्यालाही पहिलीच होती. तिचे पाय देवानं दिलेत. तू ठाण्याला कुठं होतीस? बसून होतीस. मी होतो ना तिथं. बसलेल्या मुलीला कुणी इथवर आणलं, हा प्रश्न होता. तो मी बैठकीत विचारला. कुणापाशी दुसरं उत्तर नव्हतं." मग जायला वळले आणि परत थांबले. "आणि ते खुरपं जागेवर ठेव. तुळस वहिनींची आहे, शर्यतीची नाही."

एवढं बोलून गेले. मी रडत रडत तीन पोळ्या खाल्ल्या. काकांबद्दल तेव्हा जे वाटलं ते त्यांना कधी सांगता आलं नाही. त्या काळी पुतण्या काकांना असलं काही सांगत नसत. आता इथे सांगते, की माझ्या बाजूनं खोटं बोलले असते तर ते मला इतके आवडले नसते.

पुढे मी धावले, जिंकले, हरले, मॅट्रिक झाले, आणि कवायत शिकवायचं शिक्षण घेऊन आले. त्याच सुमारास बाईंना नाशिकला बोलावणं आलं, शिक्षिका तयार करणाऱ्या एका संस्थेत. आमच्या शाळेतली त्यांची जागा मला मिळाली. ती द्यावी असा ठराव काकांनीच मांडला, हे मला फार नंतर कळलं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बाई मला कपाटाच्या किल्ल्या द्यायला आल्या. मैदानावर मुली खो-खोला बसल्या होत्या, रांगेत एक कमी. बाई मला म्हणाल्या, "बस जरा तिथं." मी शिक्षिका, पाचवारी नेसलेली. पण बाईंनी बस म्हटल्यावर मी काय बोलणार? पदर खोचला आणि दोन मुलींच्या मध्ये उकिडवी बसले, बोटं मातीत टेकून. खेळ सुरू झाला. मुली माझ्या दोन्ही बाजूंनी धावत होत्या, किंचाळत होत्या. मला कुणी खो देईना.

मग मागून पावलं ऐकू आली. एक पाऊल नीट पडणारं, एक ओढलेलं. इतक्या वर्षांत बाई खेळात कधी उतरल्या नव्हत्या. मी मागे बघितलं नाही. रांगेत बसलेलीनं मागे बघायचं नसतं, आणि एकदा बघितल्याचं मला चांगलं लक्षात होतं.

"खो," बाई म्हणाल्या, आणि पाठीला हात लागला. पहिल्या दिवसासारखा सणसणीत नव्हता.  पण खरा होता.

मी उठले. नियमाप्रमाणे माझ्या जागी आता बाईंनी बसायचं. एका हातानं जमिनीचा आधार घेत त्या हळूहळू खाली बसल्या. उजवा गुडघा वाकेना, म्हणून तो पाय त्यांनी सरळ पुढे पसरला. रांगेत बसलेलीनं पाय पसरायचा नसतो. मुली माझ्याकडे बघायला लागल्या, आता नव्या बाई काय म्हणतात म्हणून.  मी मान खाली घातली आणि धावत सुटले.